मक्यात दोन फवारण्या झाल्या, तरी पोंग्यात लष्करी अळी आहेच? औषध बदलण्याआधी हे तपासा

जुलैचा दुसरा पंधरवडा लागतो, मका गुडघ्याला येतो आणि दरवर्षी तीच तक्रार कानावर पडायला लागते. "दोन फवारण्या झाल्या, पैसा गेला, पोंगा उघडला तर अळी आतच. आता कुठलं औषध मारू?" निपाणी भाग घ्या, चिकोडी-हुक्केरी घ्या, नाहीतर बेळगाव तालुक्याचा पूर्वेकडचा पट्टा घ्या, प्रश्न एकच.

मी स्वतः हा प्रश्न तीन हंगाम विचारत होतो. दरवेळी दुकानातून नवीन बाटली आणली, आधीच्यापेक्षा महाग. चौथ्या वर्षी वही केली, तारखा लिहिल्या, तेव्हा उमगलं की माझी प्रत्येक फवारणी आठ-दहा दिवस उशिरा होत होती. अळी डोळ्यांत भरण्याएवढी मोठी होते त्याच्या आठवडाभर आधी तिची खूण पानावर उमटलेली असते. ती खूण सापडली तर साधं औषधही पुरतं. ती हुकली तर अळी पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, स्वतःच्या विष्ठेचा बूच मारून बसते आणि कितीही भारी औषध पानावरून ओघळून जातं. म्हणून खाली औषधांबद्दल कमी आणि बघण्या-मोजण्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

ही अळी दरवर्षी येते कुठून

ही अमेरिकन लष्करी अळी मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. २०१६ मध्ये आफ्रिकेत सापडली आणि मे २०१८ मध्ये भारतात. भारतातली पहिली नोंद आपल्याच कर्नाटकातली, शिवमोग्याची. पुढच्या वर्षभरात ती बहुतेक मका पिकवणाऱ्या राज्यांत पोचली, कारण हिचा पतंग वाऱ्याच्या साथीनं एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. निपाणीहून कोल्हापूर त्याच्या निम्म्यानंही लांब नाही. आपलं रान कर्नाटकात आणि शेजारचं महाराष्ट्रात, याचं पतंगाला काही देणंघेणं नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. कितीतरी किडी थंडीत किंवा उन्हाळ्यात कोषात झोपून राहतात, पाऊस पडला की उठतात. या अळीला ती झोप नाही. तिला बारा महिने हिरवं खाणं लागतं. उत्तर अमेरिकेत कडक थंडीत ती मरते आणि दरवर्षी दक्षिणेकडून नव्यानं उडत येते. आपल्याकडं तिला मारणारी थंडीही नाही आणि हिरव्याचा तुटवडाही नाही. खरिपाचा मका निघाला की रब्बीचा उभा असतो, तो संपला की दुभत्या जनावरांसाठी पेरलेला वैरणीचा मका असतो, विहिरीकडेला, कॅनॉलच्या पाण्यावर, चार-पाच गुंठ्यांचा. तिचा साखळदुवा तोच. याकडं शेवटी पुन्हा वळतो.

आधी खात्री करा, अळी तीच आहे का

औषध लागू न पडण्याचं एक कारण असं की समोर दुसरीच अळी असते. वाढलेली अळी तळहातावर घ्या आणि दोन ठिकाणी बघा. डोक्यावर समोरून पांढरट रेघांची उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण असते. शेपटाकडून दुसऱ्या कड्यावर चार काळे ठिपके असतात, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर ठेवल्यासारखे. दोन्ही खुणा जुळल्या तर ही अमेरिकन लष्करी अळी. रंगावर जाऊ नका. हिरवट, तपकिरी, जवळजवळ काळी, सगळ्या रंगांत ती सापडते.

पानावर आडव्या ओळीत एकसारखी भोकं असतील आणि मधला पोंगा वाळून ओढताच हातात येत असेल, तर खोडकिडा आहे. अळी दिवसा ढेकळाखाली किंवा पानाच्या बेचक्यात लपत असेल आणि रात्री पानं कडेनं खात मधली शीर तेवढी ठेवत असेल, तर ती आपली जुनी, देशी लष्करी अळी. वाडवडिलांना ती माहीत होती. रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या स्थानिक कार्यालयात, विचारायला गेलात तर कन्नडमध्ये या नव्या अळीला 'सैनिक हुळु' म्हणतात आणि मक्याला आपल्या भागात 'गोविनजोळ'. फलकावर हे दोन शब्द दिसले की माहिती बहुधा याच अळीची समजा. कन्नड वाचता येत नाही म्हणून पत्रक तसंच टाकून येणारे मी पाहिलेत. बरोबर शाळेत जाणारं पोर न्या, ते वाचून दाखवतं.

फवारणीची तारीख चुकते ती इथं

मादी पतंग एका वेळी शे-दोनशे अंड्यांचा पुंजका घालते आणि आयुष्यात हजार-दीड हजार, कधी त्याहून जास्त अंडी देते. पुंजक्यावर राखाडी लव असते, बुरशीचा डाग वाटावा अशी. पावसाळ्याच्या उबेत दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. बाहेर पडलेल्या अळ्या इतक्या बारीक असतात की चष्म्याशिवाय दिसत नाहीत. त्या पानाचा हिरवा थर खरवडतात आणि वरचा पातळ पापुद्रा तसाच ठेवतात. पान उजेडाकडं धरलं की तिथं बटर पेपरसारखे पांढरट, अर्धपारदर्शक चट्टे दिसतात. हीच ती खूण. याच वेळी काही अळ्या धागा सोडून वाऱ्यावर लोंबकळत शेजारच्या झाडांवर जातात, म्हणून एका पुंजक्याचं नुकसान आठ-दहा झाडांत पसरतं.

चट्ट्यांनंतर टाचणीएवढी भोकं पडतात, मग मोठी. तिसरी कात टाकेपर्यंत अळी पोंग्यात शिरलेली असते. तिथं त्या एकमेकींनाच खातात आणि शेवटी एका पोंग्यात एक, फार तर दोन उरतात. अळीची वाढ सहा टप्प्यांत, साधारण दोन ते तीन आठवड्यांत होते. आणि सगळ्यात मोठी गोम इथं आहे: आयुष्यभरात ती जेवढं खाते त्यातला फार मोठा वाटा शेवटच्या दोन टप्प्यांत, म्हणजे शेवटच्या आठवड्याभरात खाते. पहिले आठ-दहा दिवस नुकसान नजरेत भरत नाही. मग अचानक पानं फाटलेली, पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा साचलेली. आपण म्हणतो, "परवा तर काही नव्हतं, एका रात्रीत खाल्लं." एका रात्रीत काहीच झालेलं नसतं.

त्या फाटक्या पानांकडं बघून आपण पंप उचलतो. तोवर अळी पाचव्या टप्प्यात, औषधाला दाद न देणारी. दोन-चार दिवसांत ती खाणं थांबवून जमिनीत दोन ते आठ सेंटिमीटर खाली कोषात जाते, आठ-नऊ दिवसांनी पतंग होऊन बाहेर येते. पहिल्या फवारणीनंतर पीक थोडं सावरल्यासारखं वाटतं ते कधी कधी औषधामुळं नसतंच, अळ्या कोषात गेलेल्या असतात. त्यानंतर पंधरवड्यानं पुन्हा चट्टे, पुन्हा भोकं, आणि आपण म्हणतो की औषध बोगस होतं. बोगस औषधं बाजारात आहेत, ते मी नाकारत नाही. पण माझ्या वहीतल्या तीनही फसलेल्या फवारण्या अळी मोठी झाल्यावरच्या होत्या.

मोजणी: अर्ध्या तासाचं काम

उगवण झाल्यापासून आठव्या-दहाव्या दिवशी सुरुवात करा आणि आठवड्यातून दोनदा रानात जा. बांधावरून बघून चालत नाही. कडेची झाडं वेगळी, मधली वेगळी. रानात नागमोडी चालत पाच ठिकाणी थांबा आणि प्रत्येक ठिकाणी सलग वीस झाडं बघा. एकूण शंभर झाडं झाली, म्हणजे जितकी झाडं ताजी खाल्लेली तितके टक्के. हिशेब करायला लागत नाही.

झाड बघताना खालची पानं सोडा. पोंग्यातून नुकती निघालेली वरची दोन-तीन पानंच बघा, चट्टे किंवा भोकं ताजी आहेत का आणि विष्ठा ओली आहे का ते पाहा. पहिले तीन-चार आठवडे शंभरात ५ झाडांवर ताजं नुकसान दिसलं की उपाय करायचा. पाचव्या ते सातव्या आठवड्यात १० झाडांपर्यंत थांबता येतं. त्यानंतर पीक मोठं झालं की २० पर्यंत. कोवळ्या झाडाचा वाढीचा कोंब खाल्ला तर झाड गेलं, मोठं झाड मात्र पानं गमावूनही उभं राहतं, म्हणून हे आकडे वाढत जातात.

आमच्या घरी हे काम आईनं अंगावर घेतलं. भांगलणीला जाताना ती खिशात चार-सहा हरभरे घेऊन जायची. खाल्लेलं झाड दिसलं की एक हरभरा दुसऱ्या खिशात. वीस झाडांत किती हरभरे सरकले ते संध्याकाळी मला सांगायची. अंड्यांचा पुंजका दिसला की तिथंच बोटांनी चिरडायची. पहिल्या तीन आठवड्यांत वेचून चिरडलेल्या एका पुंजक्याची किंमत काय, ते शे-दोनशे अळ्यांच्या हिशेबानं समजून घ्या. छोट्या रानाला हे काम फवारणीइतकंच मोलाचं आहे.

सापळा लावला, पतंगच येईना

निपाणी भागातल्या आपल्या लोकांसाठी हा भाग मुद्दाम लिहितो. तंबाखूचं पीक असल्यामुळं पानं खाणारी अळी आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. तिचे कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाच्या गोळीनं नर पतंगाला ओढणारे, सोयाबीनमध्येही लागतात. त्यामुळं घरात जुने सापळे आणि गोळ्या पडलेल्या असतात. आमच्या गल्लीतल्या तात्यांनी तीच गोळी मक्यातल्या सापळ्याला लावली आणि महिनाभर "पतंग नाहीत, अळी येणार नाही" म्हणून निर्धास्त बसले. दोघी एकाच कुळातल्या, पण गंध वेगळा. तंबाखूच्या अळीची गोळी लावली तर मक्याच्या अळीचा नर तिकडं फिरकत नाही. दुकानदार कधी कधी "कुठलीही चालते" म्हणून हातात देतो. पाकिटावर 'स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा' हे नाव आहे का ते बघूनच घ्या. 'लिट्युरा' लिहिलं असेल तर ती तंबाखू-सोयाबीनसाठीची.

तसंच एरंडीचं. तंबाखूच्या रोपवाटिकेभोवती एरंडी लावायची पद्धत आहे, अळी आधी एरंडीवर जाते. मक्याभोवती एरंडी लावून तो उपयोग होत नाही, कारण या अळीची ओढ गवताच्या कुळाकडं. मक्याभोवती लावायचंच असेल तर नेपिअर गवताच्या तीन-चार ओळी लावतात. आणि त्या ओळींवर अळी दिसली की तिथंच उपाय करायचा, नाहीतर आपणच तिचं कोठार तयार करतो.

एकरी ५ सापळे पाहणीसाठी पुरतात. सापळा पिकाच्या शेंड्याच्या जरा वर राहील असा बांधा आणि पीक वाढेल तसा वर सरकवत राहा. मका छातीला आणि सापळा गुडघ्याला, असं सर्रास दिसतं. गोळीचा गंध साधारण तीन-चार आठवडे टिकतो, पाकिटावर लिहिलेल्या मुदतीला बदला. गोळीला तंबाखू किंवा औषधाचा हात लावू नका. पेरणीच्या आसपासच सापळे लावले तर उगवणीपासून नोंद मिळते. रोज सकाळी एकदा मोजा, मेलेले पतंग काढून टाका. नराच्या पुढच्या पंखाच्या टोकाला पांढरा ठिपका असतो, त्यावरून ओळखता येतो. दर सापळ्यात रोज एक पतंग पडायला लागला की सावध व्हा. पतंग वाढल्यापासून अंडी घालून, फुटून, चट्टे दिसायला साधारण आठवडा जातो. तो आठवडा म्हणजे आपल्याला मिळालेली आगाऊ सूचना.

सापळ्यात फक्त नर पडतात. त्यामुळं पाच सापळ्यांनी अळी आटोक्यात येईल ही अपेक्षा ठेवू नका. सापळा घंटी वाजवतो, मोजणी रानातच करायची.

औषध पोंग्यात उतरतंय का

गुडघ्याएवढ्या मक्यात माणूस पंप घेऊन भराभर चालतो, नोझल डावी-उजवी फिरवतो, पानं ओली होतात, पोंगा कोरडा राहतो. अळी पोंग्यात. एकदा फवारल्यावर लगेच चार-पाच पोंगे बोटानं उघडून बघा, आत ओल आहे का. नसेल तर बाकीचं रान फवारून पैसे घालवू नका, आधी पद्धत बदला. नोझल पोंग्याच्या वर धरा, तोंड खाली. एकराला साधारण २०० लिटर पाणी लागतं, पीक लहान असेल तर कमी. १५ लिटरच्या आठ पंपांत एकर उरकणाऱ्या मजुराला शाबासकी देण्यात अर्थ नाही. फवारणी संध्याकाळी करा, उन्हं कलल्यावर, कारण अळी रात्री वर येऊन खाते. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा.

पहिल्या महिन्यात आणि थोडक्या रानात एक जुना उपाय चांगला चालतो: कोरडी बारीक वाळू ९ भाग आणि चुना १ भाग मिसळून चिमूटभर पोंग्यात टाकायचा. वाळूनं अळीचं अंग खरचटतं. चुना विझवलेला, कोरडाच घ्या आणि हातमोजे घाला. मध्य अमेरिकेतले शेतकरी माती, राख पोंग्यात टाकतात, तोच धागा. वीस गुंठ्यांना दोन बायामाणसं दुपारपर्यंत पुरतात. चार एकरांना हे झेपत नाही, ते कबूल.

मोठ्या पावसाची सर पोंग्यात पाणी साठवते आणि बारीक अळ्या बुडून मरतात. त्यामुळं झोडपून पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मोजणी न करता फवारू नका. उलट जुलैत पावसानं दहा-बारा दिवस ओढ दिली की हमखास अळी वाढते, तेव्हा रानात फेरी चुकवू नका.

तेच औषध, दुसऱ्या नावाची बाटली

दुकानात नाव बदलून मिळतं, पण आतला घटक तोच असतो. म्हणून बाटलीवरचं मोठं नाव वाचू नका, त्याखालचं बारीक नाव वाचा. या अळीसाठी जी औषधं प्रामुख्यानं सांगितली जातात त्यांची मात्रा १५ लिटरच्या पंपाला अशी पडते: इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के दाणेदार ६ ग्रॅम, क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ टक्के ६ मिली, स्पिनेटोरॅम ११.७ टक्के साडेसात मिली. तिघांचं मारण्याचं तंत्र वेगवेगळं आहे. एकदा एक वापरलं की पुढच्या खेपेला दुसऱ्या तंत्राचं घ्या. बाटलीवर मका आणि या किडीचं नाव छापलेलं आहे का, आणि कापणीआधी किती दिवस थांबायचं, ते दरवेळी वाचा. पत्रकात मराठी नसली तरी बहुतेक वेळा हिंदी असते.

इथं एक बारकावा आहे तो कुणी सांगत नाही. सायँट्रानिलीप्रोल आणि थायामेथोक्झाम यांची बीजप्रक्रिया केलेलं, म्हणजे पेरणीआधीच औषध चोळलेलं, बियाणं मिळतं, त्यानं पहिले दोन-तीन आठवडे रोप वाचतं. चांगला उपाय आहे. पण सायँट्रानिलीप्रोल आणि क्लोरँट्रानिलीप्रोल एकाच गटाचे, मारण्याचं तंत्र एकच. बीजप्रक्रियेतून जगलेल्या अळ्यांच्या पुढच्या पिढीवर लगेच त्याच गटाची फवारणी केली, तर तगणाऱ्या अळ्या आपणच निवडून ठेवतो. म्हणून बीजप्रक्रिया केलेल्या रानात पहिली फवारणी इमामेक्टिन किंवा स्पिनेटोरॅमची ठेवा.

आणि शंभरात पाच झाडांवर नुसते चट्टे असताना तर रासायनिक औषधाकडं जायचीही घाई नको. निंबोळी अर्क ५ टक्के, किंवा १५०० पीपीएमचं कडुनिंबाचं औषध १५ लिटरला ७५ मिली, त्यानं अंडी आणि बारीक अळ्या आवरतात. बॅसिलस थुरिंजिएन्सिस म्हणजे बीटी पावडर १५ लिटरला ३० ग्रॅम, ही बारीक अळीवर काम करते. पण मोठ्या अळीवर हे उपाय मारून "जैविक काही उपयोगाचं नाही" असा निष्कर्ष काढणं हा त्या औषधावर अन्याय आहे.

फवारणी फसली, असं लगेच ठरवू नका

काल फवारलं आणि आज पोंग्यात अळी हलताना दिसली, म्हणून आज पुन्हा फवारणारे भेटतात. क्लोरँट्रानिलीप्रोल आणि इमामेक्टिननं अळीचं खाणं काही तासांत थांबतं, मरायला मात्र दोन-तीन दिवस लागतात. तिला बोटानं डिवचून बघा. सुस्त असेल, आखडलेली असेल, तर काम झालेलं आहे.

दुसरी फसगत पानांची. आठ दिवसांपूर्वी पोंग्यात गुंडाळलेलं पान अळीनं खाल्लेलं असतं. ते उलगडून बाहेर येतं तेव्हा त्यावरची भोकं आज पडल्यासारखी दिसतात. फवारणीनंतर आठवडाभर अशी भोकाळ पानं बाहेर येतच राहतात. ती बघून जीव तुटतो, मलाही तुटायचा. पण बघायचं ते पोंग्यातली विष्ठा. ती कोरडी, पिवळसर भुसा झाली असेल आणि त्यात नवी ओली भर नसेल, तर अळी गेलेली आहे. तिसऱ्या दिवशी त्याच पाच ठिकाणी पुन्हा शंभर झाडं मोजा, जुन्या आकड्याशेजारी नवा लिहा. आकडा खाली आला असेल तर पंप धुऊन ठेवा.

पानावर चिकटून मेलेली पांढरी अळी

श्रावण-भाद्रपदात, रिपरिप पाऊस आणि दमट हवा असताना, पानावर ताठ होऊन चिकटलेल्या अळ्या दिसतात. आधी पांढऱ्या पडतात, मग त्यांच्यावर फिकट हिरवी पूड येते. हा रोग पिकाचा नाही, अळीचा आहे. नोमुरिया रिलेयी (आताचं नाव मेटारायझियम रिलेयी) नावाची ही बुरशी निसर्गात आपोआप येते. आपल्या धारवाडच्या कृषी विद्यापीठात तिच्यावर बरीच वर्षं काम झालेलं आहे. हिरवी पूड म्हणजे तिचं बी, वाऱ्यानं दुसऱ्या अळ्यांवर जातं. काही अळ्या उलट्या लोंबकळत, आतून पाणी होऊन मेलेल्या दिसतात, त्या विषाणूनं.

अशा अळ्या दिसल्या तर त्या झाडावरच राहू द्या. एका ठिकाणी वीसपैकी तीन-चार झाडांवर अशा मेलेल्या अळ्या असतील तर मी फवारणी पुढं ढकलतो आणि तीन दिवसांनी पुन्हा मोजतो. या काळात बुरशीनाशक मारणं म्हणजे आपल्याच बाजूच्या शिपायाला मारणं. मक्यात तूर किंवा उडदाची आंतरओळ असली तर परजीवी माश्या, कोळी, ढालकिडे यांना आसरा मिळतो. एकरी दहा काठ्या रोवल्या तर पक्षी बसतात आणि अळ्या टिपतात. हे फुकटचे उपाय आहेत, पण सुरुवातीलाच कडक औषध मारलं की यातलं काही उरत नाही.

तुरा आल्यावर

तुरा आल्यावर फवारू नका. तेव्हा मक्यात माणूस शिरत नाही, औषध अंगावर उडतं, अळीपर्यंत पोचत नाही, आणि परागावर आलेल्या मधमाश्या मरतात. तेव्हा उरलेल्या मोठ्या अळ्या हातानं वेचा, कणसाच्या टोकावरच्या आधी.

वैरणीच्या मक्याचं काय करायचं

आता शेवटची गाठ. आपण आपल्या रानात सगळं नीट केलं आणि बांधापलीकडं दहा गुंठे वैरणीचा मका अळीनं भरलेला उभा असेल, तर दर पंधरवड्याला तिथून पतंग येतच राहणार. त्या मक्याला कुणी फवारत नाही, आणि एका अर्थी बरोबरच आहे, कारण तो आठ दिवसांत गोठ्यात जायचा असतो. औषध मारलेली वैरण मुदतीआधी जनावरांना घालणं धोक्याचं. म्हणून वैरणीच्या मक्याला फक्त कडुनिंब किंवा बीटी, तेही पहिल्या तीन आठवड्यांत. आणि अळी वाढलेली दिसली तर वाट न बघता कापून घाला किंवा मूरघासाला लावा, म्हणजे अळ्या कोषात जाण्याआधीच निघून जातात. कापल्यावर रान लगेच नांगरा. कोष उघड्यावर येतात आणि बगळे, साळुंक्या मागून टिपत येतात. बांधावर आपोआप उगवलेली मक्याची ताटंही उपटा, एकेका ताटात पतंग तयार होतात.

आमच्या पाणंदीला लागून सात घरांची रानं आहेत. गेल्या दोन मिरगांपासून आम्ही पेरा आठ-दहा दिवसांच्या आत उरकतो. आधी कुणी रोहिणीत पेरायचं, कुणी आर्द्रात, आणि आधी पेरलेल्याच्या मक्यातून तयार झालेले पतंग मागून पेरलेल्याच्या कोवळ्या रोपावर उतरायचे. उशिरा पेरणाऱ्याचं नेहमी जास्त जायचं. सगळ्यांची समजूत पटली असं नाही. एका मामांनी पहिल्या वर्षी ऐकलं नाही, त्यांना बैलजोडी वेळेवर मिळाली नव्हती. दुसऱ्या वर्षी आम्हीच पैऱ्यानं त्यांचं औत आधी मारून दिलं. वैरणीच्या मक्याचं अजून जमलेलं नाही, दूध घालणाऱ्या घरांना बारा महिने हिरवं लागतं. यंदा उन्हाळ्यात त्यातल्या दोघांनी मक्याऐवजी लसूणघास केला आहे. त्यांच्या बांधाला एक सापळा लावून ठेवला आहे, नोंद त्यांची सून करते.